गायकवाड म्हणजे कुठले?

परवा चाकणला एका मुलासाठी खोली बघायला गेलो होतो. पोरगं लातूरकडचं, नुकतंच ट्रेनी म्हणून लागलेलं. घरमालकाने माझं आडनाव विचारलं. गायकवाड म्हटल्यावर चहा आला. मग पुढचा प्रश्न, "गायकवाड म्हणजे कुठले? पाहुणे कुठं तुमचे?" मी सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध. खोली कालच दुसऱ्याला दिली होती म्हणे!

बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणारे सयाजीराव महाराज गायकवाड, आणि १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात आघाडीवर राहिलेले दादासाहेबही गायकवाडच. जाधव, शिंदे, मोरे, पवार, सगळीकडे हेच. आडनाव सारखं असलं तरी जात पाहुण्यांच्या नावातून शोधून काढली जाते.

म्हणूनच व्हॉट्सॲपवर 'आपल्या आडनावाचा इतिहास' म्हणून राजवंश, कुळी आणि तलवारीची चित्रं फिरवणाऱ्या आपल्या पोरांचं मला पटत नाही. गाय आणि कवाड यावरून बडोद्याच्या घराण्याची जी कथा सांगतात, ती आपलीच म्हणून पुढे ढकलली जाते. दुसऱ्याच्या वाड्यात पणजोबा शोधून काय हाती लागणार? बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव आंबडवे. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. त्या नावामागे कोणतं राजघराणं होतं?

आमच्या घरचा शोध पुतणीच्या जात पडताळणीमुळे सुरू झाला. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा करमाळ्याकडून पिंपरीला आले ते एचए कंपनी उभी राहत असताना. त्यांच्याजवळ कागद कुठला! शेवटी तहसीलला कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, पणजोबा सापडले. अक्षर मोडी, त्यामुळे वाचणारा शोधण्यात आणखी पंधरा दिवस गेले. आणि त्या नोंदीत गायकवाड नाहीतच. 'अमुक बिन तमुक महार', एवढंच. आडनाव कागदावर पहिल्यांदा दिसतं ते वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर. त्याआधी सरकारदरबारी आमची जात हेच आमचं आडनाव होतं.

हा शोध नुसत्या दाखल्यापुरता नाही. महार वतन ही गुलामी आहे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. कनिष्ठ गाव वतनं रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. जमिनी पुन्हा मिळाल्या त्या नव्या शर्तीने, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. आज खेड-मावळ पट्ट्यात जमिनीचा भाव काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. तिथे वारस ठरतो वंशावळीवरून. शहरात आलेल्या आपल्या माणसाला पणजोबाच्या भावांची नावं माहीत नसतात, आणि नोंद परस्पर चुलत्याच्या नाहीतर एजंटाच्या सोयीने होऊन जाते.

वंशावळ लिहिताना एक गोष्ट लागली मनाला. आजीला विचारलं तेव्हा तिने न अडखळता चार पिढ्यांच्या लेकीबाळींची नावं सांगितली, कोण कुठल्या गावाला दिली ते सुद्धा. आमच्या कागदावर मात्र पुरुषच होते. दोन्ही आत्यांची नावं मीच लिहायची विसरलो होतो, आणि मी समाजशास्त्रात एमए!

ज्यांच्या घरात अशी आजी आहे त्यांनी येत्या रविवारी तिच्याशेजारी बसा, मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. कोतवाल बुकाची नक्कल काढायला अडचण आली तर मला कळवा, मोडी वाचणाऱ्याची गाठ घालून देतो. त्या लातूरच्या पोराला खोली मिळाली, आमच्याच वस्तीत.

जय भीम.