हौस कुणाची, राबणं कुणाचं?



पाऊस गेला की मुंबईत शरदाआधी उकाडा येतो. तरीही चार महिने दोरीवर दमट राहिलेले कपडे एका दुपारीत कडकडीत वाळू लागले की जीवाला बरं वाटतं. परळ-नायगावच्या चाळींत कठड्यांवर गोधड्या पडतात, गिरगावात माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरतात, हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही आणि लालबागच्या चिवडा गल्लीतून तळणीचा वास रस्त्यापर्यंत येतो. घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंतचा हा महिना. चळवळीतल्या आपण बायका या महिन्याबद्दल नेहमीच जरा अवघडलेल्या असतो. आवडतो, पण आवडतो असं म्हणायचं कसं?

परवा अंकाच्या बैठकीत यावरून चांगलीच जुंपली. एक तरुण मैत्रीण म्हणाली, "नवरात्रात मी नऊ दिवस नऊ रंग नेसणार आहे, आधीच सांगून ठेवते, कुणी बौद्धिक घेऊ नका." ज्येष्ठ मैत्रिणीने बौद्धिक घेतलंच. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. या नऊ रंगांना कुठल्याही पोथीचा आधार नाही. 2003-04च्या सुमारास एका मराठी दैनिकाने ही टूम काढली, वाचक बायकांचे फोटो छापायला सुरुवात केली आणि बघता बघता साड्यांच्या दुकानदारांपासून बँकांपर्यंत सगळ्यांनी ती उचलली. वीस वर्षांत ती "आपली परंपरा" झालीसुद्धा! बाजार परंपरा कशी घडवतो याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

हे सगळं मान्य करूनही आम्हाला त्या तरुण मैत्रिणीची बाजू घ्यावीशी वाटते. नवरात्रातल्या एखाद्या सकाळी दादरला लेडीज डब्यात चढून बघा. हॉस्पिटलातली नर्स, शाळेतली बाई, मंत्रालयातली कारकून, कोपऱ्यात टोपली घेऊन बसलेली भाजीवाली, सगळ्या पिवळ्या. अनोळखी बाया एकमेकींच्या पदराला हात लावून "कुठून घेतली?" विचारतात. त्यांतली प्रत्येक जण पहाटे उठून डबे करून आलेली असते. तिला स्वतःकडे बघायला, कुणी आपल्याकडे कौतुकाने बघितलेलं सोसायला एक निमित्त मिळतं. ते बाजाराने दिलं म्हणून आपण तिला हसायचं का? नटणं हे पुरुषासाठीच असतं, हा समज आपणच इतकी वर्षं खोडत आलो आहोत.

प्रश्न रंगांचा नाही, रंगांच्या बाहेर कोण उभं राहतं याचा आहे. करड्या रंगाच्या दिवशी करडी साडी नाही म्हणून शेजारणीची उसनी नेसून जाणाऱ्या बाया आमच्या माहितीत आहेत. ऑफिसातल्या सामूहिक फोटोत झाडू मारणारी बाई नसते, कारण तिचा गणवेश कंत्राटदाराने ठरवलेल्या रंगाचा. आणि नवरा गेलेली बाई? ती ऑफिसात लाल नेसते, संध्याकाळी सोसायटीच्या हळदीकुंकवाला मात्र तिला कुणी बोलवत नाही. 2022च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. मुंबईच्या सोसायट्यांना ग्रामपंचायत नाही, पण महिला मंडळ असतंच की. ठराव करायला दोन ओळी लागतात.

सण बदलतच नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी दादरचाच इतिहास आठवावा. 1926 साली इथल्या सार्वजनिक गणेशोत्सवात दलितांच्या सहभागावरून मोठं भांडण झालं आणि त्यातून प्रबोधनकार ठाकऱ्यांनी सार्वजनिक नवरात्र सुरू केलं. म्हणजे मांडवात कोण आणि मांडवाबाहेर कोण, हा प्रश्न इथे शंभर वर्षांचा जुना आहे. आणि 14 ऑक्टोबर 1956च्या अशोक विजयादशमीनंतर तर दसऱ्याचा अर्थच हजारो घरांत बदलला. नायगाव-वरळीच्या बीडीडी चाळींतल्या आमच्या मैत्रिणी त्या दिवशी पांढरी साडी नेसून निघतात. जो रंग एका बाईवर नवरा गेला म्हणून लादला जातो, तोच दुसरी मानाने अंगावर घेते. यावर त्यांनीच कधीतरी या पानांवर लिहावं असा आग्रह आहे.

आता फराळाकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

केंद्र सरकारच्या 2024च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की बिनमोलाचं घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात. पुरुषाची 88, आणि तीही जे पुरुष हे काम करतात त्यांची. चारांतले तीन पुरुष तर त्या दिवशी घरकामाला हातच लावत नाहीत. हा वर्षभराचा हिशेब झाला. दिवाळीच्या आधीच्या आठवड्याचा कुणी वेगळा काढला तर? भाजणी भाजणं, अनारशाचं पीठ आंबवणं, करंज्यांचं सारण, चकली मोडली म्हणून पुन्हा पीठ मळणं, आणि हे सगळं नोकरीवरून आल्यावर रात्री. माळे झाडणं वेगळंच.

चाळीत हे काम निदान एकटीचं नसायचं. आज तुमच्याकडच्या करंज्या, उद्या आमच्याकडच्या, असं लाटणं-पोळपाट घेऊन बाया एकमेकींच्या खोलीत जायच्या. लाटता लाटता कुणाचा नवरा मारतो, कुणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं बोललं जायचं. भोंडल्याचंही तेच होतं. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा आणि सासरच्या माणसांना गाण्यातून मनसोक्त नावं ठेवायची, ही मुभा आपल्या आज्यांनी धर्माच्या आडून मिळवलेली होती. चाळीचं गोडवे गात बसायचं नाही. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला त्यातलं काही सुंदर वाटत नाही. पण गॅलरी गेली तशी ती मदतही गेली. टॉवरमधल्या बंद दाराआड तीच बाई तेवढाच फराळ एकटी करते, नाहीतर बाहेरून मागवते.

बाहेरून मागवते म्हणजे कुणाकडून? दुसऱ्या बाईकडूनच. गिरगाव, दादर, लालबागला दसऱ्यापासून फराळाच्या ऑर्डरी सुरू होतात. खोके भरून अमेरिका-इंग्लंडला जातात. दुकानाच्या पाटीवर नाव मालकाचं असतं आणि आत वा घरी बसून चकल्या पाडणाऱ्या बाईला किलोवर किंवा नगावर पैसे मिळतात. विकत फराळ घेणाऱ्या मैत्रिणीला अपराधी वाटायचं काही कारण नाही, उलट तिने स्वतःची कंबर वाचवली याचा आनंदच आहे. फक्त दुकानात भाव विचारताना आणखी एक विचारा: पाडणाऱ्या बाईला काय देता?

या भागात हा प्रश्न नवा नाही. 1959 साली गिरगावात सात गुजराती बायांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचं लिज्जत झालं आणि लाटणाऱ्या बायाच त्याच्या मालकीण राहिल्या. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना खानावळवाल्या बाया जेवू घालत. वाण्याचं कर्ज डोक्यावर, खोलीत धूर, दिवसाला पोळ्यांचे ढीग, आणि जनगणनेत त्या "घरी बसलेल्या". 1975 साली प्रेमा पुरवांनी त्यांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांची दारं त्यांच्यासाठी उघडून घेतली. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षीच्या दिवाळीत बोनस नव्हता, पगार नव्हता. तेव्हाची घरं कुणाच्या डब्यांवर, शिवणावर आणि दुसऱ्यांच्या घरच्या धुण्याभांड्यांवर तगली ते परळ-लालबागच्या पन्नाशीतल्या कुठल्याही माणसाला विचारा. गिरणीच्या जागी आता मॉल आहे आणि तिथेही दिवाळीत रोषणाई असते; ती बघायला जाणारी नात त्या खानावळवालीचीच.

हेच लाटणं घेऊन बाया रस्त्यावरही आल्या होत्या. 1972पासून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो गृहिणी थाळ्या-लाटणी वाजवत निघाल्या. तेल, साखर, रवा मिळत नाही, सण करायचा कशाने, असा साधा सवाल होता. सण हा त्यांच्यासाठी राजकारणाबाहेरचा विषय नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या रात्री दादरच्या फुलबाजारात कधी गेला आहात? शहापूर, पालघरकडच्या आदिवासी बाया आपट्याची पानं, भाताच्या लोंब्या, झेंडू घेऊन आलेल्या असतात. फुटपाथवरच पोरांना घेऊन झोपतात. आपण पहाटे जाऊन दहा रुपयांच्या वाट्यासाठी घासाघीस करतो आणि त्यालाच सोनं म्हणून वाटतो. त्या रात्री त्यांनी लघवीला कुठे जायचं? "राइट टू पी"ची मोहीम या शहरात 2011 साली सुरू झाली, तरी हा प्रश्न दर दसऱ्याला विचारावा लागतो.

नव्या दिनक्रमाबद्दल थोडं. पाऊस थांबला की शिवाजी पार्कच्या कट्ट्याला सकाळी फेऱ्या मारणाऱ्या बाया दुपटीने दिसू लागतात. दिवाळी जवळ आली की त्या गळतात. पुरुष गळत नाहीत. एका मैत्रिणीने गेल्या वर्षी घरात जाहीर केलं की फराळ दोनच प्रकारांचा होईल आणि फेऱ्या रोज होतील. घर बुडालं नाही. नवऱ्याने शंकरपाळे केले, जरा कडक झाले, सगळ्यांनी चहात बुडवून खाल्ले. अशी आणखी जाहीरनामे आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.

आणि घरकामाला येणाऱ्या मैत्रिणीला दिवाळीला जुनी साडी देऊन वाटेला लावू नका. 2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण बोनस अजून मालकिणीच्या मर्जीवर आहे. एक महिन्याचा पगार आणि चार दिवस भरपगारी सुट्टी, ही मागणी त्यांच्या संघटना करत आल्या आहेत. आपल्यापैकी किती जणींनी आपल्याच घरात ती मान्य केली, हात वर करा.

कोजागरीला आमच्या कार्यालयाच्या गच्चीवर जमायचं ठरलं आहे. लक्ष्मी त्या रात्री "कोण जागं आहे?" विचारत फिरते म्हणतात, आपण एरवीही जाग्याच असतो, एक रात्र गप्पा मारायला जागू. हिरवी, पांढरी, फाटकी, कुठलीही साडी किंवा सलवार-कमीज चालेल. कुंकवाचा करंडा ठेवणार नाही, भोंडल्याचा फेर मात्र धरू आणि गाणी आपली आपण रचू. खिरापत काय आहे ते ओळखायचं. दूध आटवायला दोघी तयार आहेत. पातेलं घासायला गेल्या वर्षी कुणीच थांबलं नव्हतं, म्हणून या वर्षी त्याची नावं आधीच लिहून घेत आहोत.