टेंडर वाचायला सॉफ्टवेअर घ्यायचं की आपलं एक्सेलच पुरे?



आजचा मेसेज फवारणीचा नाही, हवामानाचाही नाही. पैशाचा आहे, आणि पैसा तुमच्या शेअरचा आहे. म्हणून थोडा मोठा असला तरी वाचून घ्या.

संचालक मंडळाच्या येत्या बैठकीत एक विषय आहे. टेंडर शोधून देणारं आणि त्यातल्या अटी काढून दाखवणारं सॉफ्टवेअर वर्षाच्या वर्गणीनं घ्यायचं का? सध्या हे काम आपण एक्सेल शीटमध्ये करतो. माझं मत, यंदा घेऊ नये.

आधी आपली चूक सांगतो. मागच्या हंगामात तूरडाळीच्या एका टेंडरला आपण भाव भरला. कागदपत्रं सगळी बरोबर. पण मधेच शुद्धिपत्रक निघालं होतं: ५० किलोचा कट्टा नाही, १ किलोचं पॅकिंग पाहिजे. ते आपण पाहिलंच नाही. नशीब म्हणा, टेंडर आपल्याला लागलं नाही. लागलं असतं तर पॅकिंगचा खर्च आपल्या अंगावर, आणि माघार घेतली असती तर अनामत रक्कम जप्त. कारण काय? एक शीट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, दुसरी माझ्या लॅपटॉपवर. दोघांनाही वाटलं, दुसऱ्यानं बघितलं असेल.

मधेच अट बदलली की काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. २०२४ ची सोयाबीन खरेदी आठवा. हमीभाव ४,८९२ रुपये, पण मॉइश्चर १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. नोव्हेंबरच्या मध्यात केंद्रानं ती अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. तोवर कित्येकांनी माल व्यापाऱ्याच्या काट्यावर घालून टाकला होता.

सॉफ्टवेअरवाला म्हणतो, शुद्धिपत्रक आलं की लगेच फोनवर कळेल. चांगलं आहे. पण एनआयसीच्या सरकारी ई-टेंडर पोर्टलवर ही सोय फुकट आहे. हवं ते टेंडर लॉगिन करून 'माय टेंडर्स'मध्ये टाकून ठेवलं की बदलाचा मेसेज किंवा ईमेल येतो. आपण ते बटण कधी दाबलंच नव्हतं, ही खरी गोष्ट.

चाचणीसाठी काही दिवस ते सॉफ्टवेअर वापरूनही पाहिलं. डाळीसाठी इंग्रजीत 'पल्स' शब्द टाकला, तर दवाखान्याच्या पल्स ऑक्सिमीटरची टेंडरं आली! उलट वसतिगृहांची डाळ 'धान्य व किराणा' नावाच्या टेंडरात असते, ती आलीच नाही. शब्द सुधारता येतात, पण कोणते टाकायचे हे शेवटी आपल्यालाच ठाऊक पाहिजे.

त्याहून मोठी गोष्ट अटींची. बारदाना कुणाचा? हमाली कुणाची? माल इस्लापुरातून उचलणार की लातूरला पोहोच द्यायचा? पैसे किती दिवसांत, आणि उशीर झाला तर दंड किती? सॉफ्टवेअर ती ओळ काढून दाखवेल. पण ती अट आपल्या गोदामाला, आपल्या गाडीभाड्याला आणि तुमच्या मालाला झेपते का, हे त्याला काय माहीत?

एक्सेल भोळं आहे, हेही कबूल. तारीख ५-६ टाकली तर ५ जून की ६ मे, घोळ होतो. ब्रिटनमध्ये २०१२ साली वेस्ट कोस्ट रेल्वेचं कंत्राट ठरवताना सरकारी खात्याच्याच हिशोबात चुका निघाल्या आणि सगळं टेंडर रद्द करावं लागलं. मोठमोठ्यांचं असं होतं, मग आपलं काय! तरी एक्सेलपासून सुटका नाहीच. पोर्टलवर भाव भरायची बीओक्यू फाईल एक्सेलचीच असते, आणि तिचा साचा बदलला तर टेंडर बाद.

म्हणून माझं म्हणणं असं. शीट एकच ठेवायची, गुगलवर, सगळ्या संचालकांना दिसेल अशी. तारखेत महिना अक्षरात लिहायचा. प्रत्येक अटीपुढं टेंडरचा पान नंबर टाकायचा, म्हणजे दुसऱ्याला पाच मिनिटांत ताडून बघता येतं. हा पान नंबरचा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आणि दोघांनी वाचल्याशिवाय अनामत भरायची नाही.

मंडळातले काहीजण सॉफ्टवेअरच्या बाजूचे आहेत, आणि त्यांचं खोटं नाही. माणूस आजारी पडतो, पेरणीत फोन उचलत नाही. उद्या महिन्याला दहा-बारा टेंडरं बघायची वेळ आली तर मीच म्हणेन, घ्या. आज आपण महिन्याला दोन-तीन बघतो, आणि त्या वर्गणीत चाळणी यंत्राची वर्षाची देखभाल निघते.

अडचण दुसऱ्या वाचणाऱ्याची आहे. बरीच टेंडरं इंग्रजीत असतात. ज्यांच्या घरात इंग्रजी कागद नीट वाचणारी पोरं-पोरी आहेत, त्यांनी बैठकीच्या आधी ऑफिसला नाव कळवा. माझं मत पटलं नसेल तर तेही ह्याच नंबरवर कळवा. व्हॉइस मेसेज केला तरी चालेल.