बाटलीवर लेबल हवेच!

सही नसलेला चेक बँकेत आम्ही परत करतो. मग लेबल नसलेली बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात का चालते? रसायनांच्या लेबलांची एकसमान पद्धत संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली प्रसिद्ध केली : लाल चौकटीतील ९ चिन्हे, धोक्याचा शब्द आणि १६ कलमी माहितीपत्रक. इंग्रजी न येणाऱ्या शिपायालाही ज्वाला आणि कवटी कळते. मोठ्या बाटलीतून लहानीत ओतलेल्या रसायनालाही हाच नियम हवा.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, त्या बडोद्यात आपली मुले आज संशोधन करतात. लेबलाचा खर्च किरकोळ, हलगर्जीची किंमत मोठी. पालकांनो, विद्यापीठाला आणि आमदारांना लेखी विचारा : ही पद्धत सक्तीने केव्हा पाळणार?