रात्रीच्या उजेडाचा मालक कोण?

झोप लागत नसेल तर दोष तुमचा, असे सांगणाऱ्यांची सध्या मोठी गर्दी झाली आहे. वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्या, डॉक्टरांची व्याख्याने, आणि गंमत म्हणजे ज्या मोबाइलवर हे सारे वाचले जाते तो मोबाइलसुद्धा एकच उपदेश करीत असतो : निजण्यापूर्वी तासभर पडदा दूर ठेवा, निळा प्रकाश टाळा, हाती एखादे पुस्तक घ्या. उपदेश वाईट नाही. त्याला शास्त्राचा काही आधारही आहे. परंतु ज्यांना तो करावयास हवा त्यांना वगळून तो भलत्यांनाच केला जात आहे, आणि त्यामुळे एक सामाजिक प्रश्न वैयक्तिक संयमाच्या खात्यात जमा होत आहे, ही आमची तक्रार आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते नीट पाहू. कारण शास्त्राला बगल देऊन केलेला युक्तिवाद समाजवाद्याला शोभत नाही. आपल्या दृष्टिपटलात काही पेशी अशा असतात की त्यांचे मुख्य काम वस्तू पाहण्याचे नसून, बाहेर दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळविण्याचे आहे. या पेशी प्रकाशाला स्वतः प्रतिसाद देतात हे २००२ साली सिद्ध झाले. निळ्या छटेचा प्रकाश त्यांना सर्वांत अधिक जाणवतो. रात्री असा प्रकाश डोळ्यांवर पडला की झोपेची वर्दी देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक शरीरात उशिरा व कमी स्रवते. बोस्टन येथील एका रुग्णालयातील संशोधकांनी २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेला प्रयोग नेहमी पुढे केला जातो. त्यात १२ तरुणांनी पाच रात्री प्रकाशमान पडद्यावर व पाच रात्री छापील पुस्तकातून, निजण्यापूर्वी चार चार तास वाचन केले. पडद्यावर वाचणाऱ्यांना झोप लागण्यास सुमारे १० मिनिटे अधिक लागली, त्यांचे मेलॅटोनिन दीड तास उशिरा वाढले आणि सकाळी त्यांची तरतरीही कमी होती.

या प्रयोगावरून मोबाइलविरुद्ध जो डांगोरा पिटला जातो, त्यात दोन गोष्टी मात्र सांगितल्या जात नाहीत. प्रयोगातला पडदा पूर्ण तेजावर ठेवला होता आणि खोली मंद उजेडाची होती, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात २०१६ साली १४ जणांवर असाच प्रयोग झाला. फरक इतकाच की, वाचनापूर्वी त्यांना साडेसहा तास भरपूर उजेडात ठेवले होते. नंतर दोन तास पडद्यावर वाचूनही त्यांच्या मेलॅटोनिनमध्ये पुस्तक वाचणाऱ्यांच्या तुलनेत काही फरक पडला नाही. प्रयोग लहान आहेत, त्यांवरून फार मोठे सिद्धान्त उभारू नयेत. तरीही एवढे खरे की, रात्रीचा पडदा किती बाधणार हे त्या माणसाला दिवसा किती उजेड मिळाला यावरही अवलंबून असते.

येथे प्रश्न वर्गाचा होतो. भर उन्हात उघड्यावर लाखाच्या घरात लक्स उजेड असतो. बंद सभागृहात जेमतेम काही शे. तळघरातला सुरक्षारक्षक, खिडकी नसलेल्या गोदामात माल बांधणारा कंत्राटी मजूर, काचा झाकलेल्या खोलीत परदेशी ग्राहकांचे दूरध्वनी घेणारी मुलगी यांना सूर्य दिसतो तो येताजाता. ज्यांचा दिवस आधीच हिरावून घेतला आहे, त्यांच्यावरच रात्रीच्या पडद्याचा घाव अधिक खोल बसण्याचा संभव आहे. त्यांना ‘मोबाइल दूर ठेवा’ म्हणून सांगणारा मालक कामाच्या जागेला एक खिडकी का ठेवीत नाही, हे कोणी विचारीत नाही.

आणि मोबाइल दूर ठेवला म्हणजे झोप येते काय? चेन्नईतील ४५२ गरीब श्रमिकांच्या झोपेचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ही माणसे अंथरुणावर सरासरी आठ तास असत. प्रत्यक्ष झोप मिळे साडेपाच तास. गरम खोली, गोंगाट, डास, बाहेरचे दिवे, दाटीवाटी ही त्यामागची कारणे कोणत्याही चाळीतल्या वा झोपडपट्टीतल्या माणसाला अभ्यासावाचून ठाऊक आहेत. संशोधकांनी डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानातले बोळे, गाद्या, पंखे आणि सल्ला असे सारे पुरविले. झोप २७ मिनिटांनी वाढली, परंतु कामात वा प्रकृतीत लक्षणीय सुधारणा दिसली नाही. याउलट कामाच्या जागी दुपारी थोडा वेळ निजू दिले तेव्हा काम सुधारले आणि मनाची उमेदही वाढली. तुटक्या रात्रीवर साधनांची ठिगळे लावून भागत नाही, कामाचा दिवसच बदलावा लागतो, असा याचा सरळ अर्थ आम्ही घेतो.

उजेडाच्या साह्याने कामगाराची रात्र बळकावण्याचा उद्योग आजचा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याला यश येऊन मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली. त्यानंतर अवघ्या १५ वर्षांत, १९०५ च्या तेजीत, गिरण्यांमध्ये विजेचे दिवे लागले. तोवर सूर्य मावळला की साचा थांबत असे. निसर्गाने घातलेली तेवढी एक मर्यादा होती. दिवे आले आणि तीही गेली. कामाचे तास १४-१५ वर गेले. कापड गिरण्यांतील पुरुष कामगारांसाठी १२ तासांची मर्यादा घालणारा कायदा यावयास १९११ साल उजाडावे लागले. दिव्याचा यात अपराध नव्हता. दिव्याची कळ ज्याच्या हाती होती, त्याने ती आपल्या नफ्यासाठी वापरली. आज तो दिवा आकाराने लहान होऊन कामगाराच्या उशाशी आला आहे, त्याचे पैसेही कामगारच भरतो, आणि कळ मात्र अजून दुसऱ्याच्याच हाती आहे.

ती कोणाच्या हाती आहे हे त्या मंडळींनी स्वतःच सांगून टाकले आहे. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ साली आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे, असे उघडपणे मान्य केले. एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होणे, बोटाखाली कधीच न संपणारी चित्रांची माळ, मध्यरात्री वाजणाऱ्या सूचना, या गोष्टी अपघाताने घडलेल्या नाहीत. त्या घडविण्यासाठी हुशार माणसे पगारावर ठेवलेली असतात. एका बाजूला ही फौज आणि दुसऱ्या बाजूला १२ तास राबून आलेला एकटा माणूस. आणि उपदेश करावयाचा तो त्या एकट्याला! शिवाय त्याच्या दुखण्यावर औषध म्हणून निळा प्रकाश अडविणारे चष्मे पुन्हा त्यालाच विकावयाचे. या चष्म्यांवरील १७ चाचण्यांचा आढावा २०२३ साली निघाला. डोळ्यांचा थकवा त्यांनी तात्पुरता कमी होतो असे त्यात आढळले नाही, आणि झोपेवरील परिणामाविषयीही ठाम काही सांगता आले नाही. दुकाने मात्र चालूच आहेत.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, बळजबरी कोणी करीत नाही; माणूस आपखुशीने रात्री एकपर्यंत पडद्याला चिकटून बसतो. आक्षेपात तथ्य आहे आणि तो टाळून चालणार नाही. परंतु दिवसभर ज्याचा प्रत्येक तास दुसऱ्याने विकत घेतला आहे, त्याला रात्रीचा तेवढाच तास आपला वाटतो, आणि तो सोडवत नाही. चीनमधील तरुण नोकरदारांनी या वृत्तीला ‘सूडाचे जागरण’ असे नाव दिले ते उगीच नव्हे. हा सूड शेवटी स्वतःच्याच शरीरावर उगवला जातो. पडदा पाहणारे सारेच करमणुकीसाठी पाहतात, हेही खरे नाही. घरपोच जेवण पोचविणाऱ्या मुलाला पुढचे काम त्याच पडद्यावर मिळते. आशा सेविका दिवसभर वस्ती पालथी घालते आणि वर तिला ऑनलाइन माहिती भरावी लागते. या कामावर आशांनी २०२३ साली बहिष्काराचे हत्यार उपसले होते. साहेबाचा संदेश रात्री ११ वाजता येतो, तेव्हा निळ्या प्रकाशाची चिंता कोणी करावयाची?

आता पुस्तकाविषयी. निजताना वाचल्याने झोप सुधारते काय, या प्रश्नावर आयर्लंडमध्ये एक चाचणी झाली. तिचा प्रश्नही सामान्य नागरिकांनीच निवडला होता. ९९१ जणांनी भाग घेतला. २०२१ साली निष्कर्ष आले, ते असे : आठवडाभर अंथरुणात पुस्तक वाचणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांनी आपली झोप सुधारल्याचे सांगितले, न वाचणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांनी. पुस्तक गुणकारी आहे, यात आम्हाला शंका नाही. पण त्यासाठी पुस्तक हवे, दिवा हवा, कोपरा हवा आणि वाचण्याइतके त्राण उरलेले हवे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे निजत असतील तर एकाचे वाचन हे पाच जणांचे जागरण ठरते. आणि घरातल्या बाईचे काय? सर्वांची ताटे आवरून ती टेकते तेव्हा तिच्या हाती पुस्तक देणारा उपदेशक अद्याप आमच्या पाहण्यात नाही.

तरीही रात्रीचे वाचन ही आपल्या चळवळीची जुनी मिरास आहे, हे विसरता कामा नये. जोतिबा व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, ती दिवसाचे तास त्यांच्या मालकीचे नव्हते म्हणूनच. त्या दिव्याने झोप मोडली असेल, पण तो दिवा लावणाऱ्याने तो वाचणाऱ्याच्या हितासाठी लावला होता. म्हणून आमचे भांडण उजेडाशी नाही, पडद्याशीही नाही. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी ही रॉबर्ट ओवेनच्या काळापासूनची मागणी आहे. यातल्या तिसऱ्या आठ तासांत वाचन बसते. ते तास काम आणि प्रवास यांनी खाल्ले, की वाचन झोपेच्या वाट्यात शिरते आणि दोघांचीही खराबी होते.

नेमक्या याच वेळी महाराष्ट्र उलट दिशेने निघाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने व आस्थापनांतील ९ वरून १० वर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, जादा कामाला दुप्पट वेतन मिळेल, कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सांगितले जाते. कंत्राटी कामगाराची संमती म्हणजे काय चीज आहे, हे कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. १२ तास काम आणि जाण्यायेण्याचे ३ तास धरले, तर हाती ९ उरतात. त्यातच पाणी भरणे, स्वयंपाक, मुले, पुस्तक आणि झोप! हा हिशेब ज्यांनी मांडला, त्यांनी झोपेच्या आरोग्यावर व्याख्याने देऊ नयेत.

झोप हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने रामलीला मैदान प्रकरणात २०१२ साली म्हटले आहे. ते तत्त्व कामगाराच्या दाराशी नेण्याचे काम चळवळीचे आहे. कामाची वेळ संपल्यावर मालकाच्या संदेशाला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्सच्या कायद्याने २०१७ पासून मान्य केला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, पण त्यातून कायदा झाला नाही. तो व्हावा यासाठी कामगार संघटनांनी रेटा लावला पाहिजे. पुढच्या वेतनकरारांच्या मागण्यांत दुपारच्या विश्रांतीची जागा, कामाच्या ठिकाणी दिवसाचा उजेड आणि रात्रपाळीनंतर पुरेशी सुटी यांचा समावेश झाला पाहिजे. रात्रपाळी ही बहुधा कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली नोंदविले आहे. तेव्हा ही मागणी चैनीची नव्हे. आपोआप सुरू होणारी चित्रमालिका ग्राहकाने मागितल्याखेरीज सुरू होऊ नये, असा नियम कंपन्यांवर घालता येतो. वाचनालयांच्या वेळा वस्तीतल्या माणसांच्या सवडीशी जुळविणे तर आपल्याच हाती आहे.

निजण्यापूर्वी मोबाइल बाजूला ठेवावा, हे आम्हीही सांगू, आणि कार्यकर्त्यांनी स्वतःपासून सुरुवात करावी. संघटनेच्या गटांवर रात्री १२ वाजता बैठकीच्या सूचना धाडणारे आपल्यातही कमी नाहीत. पण त्याच दमात १२ तासांच्या पाळीला विरोध करणारा मोर्चा निघाला नाही, तर आपला उपदेशही त्या पुरवण्यांतल्या उपदेशाच्याच लायकीचा ठरेल.