केंटची चाकरी
'किंग लिअर'मधील अर्ल ऑफ केंट याच्या स्वामिनिष्ठेची वाखाणणी करताना, हा गृहस्थ कमालीचा तोंडाळ आहे, ही गोष्ट आपण बहुधा नजरेआड करतो. लिअरची धाकटी मुलगी कॉर्डीलिया हिच्यावरील अन्यायाबद्दल भर दरबारात राजाला खडसावून ज्याने हद्दपारीचे फर्मान ओढवून घेतले, आणि दहाव्या दिवशी राज्यात सापडल्यास देहांत शासन ठरलेले असतानाही जो रूप पालटून, केयस हे नाव धारण करून, त्याच धन्याच्या चाकरीत पुन्हा रुजू झाला, त्या केंटने थोरली मुलगी गॉनरिल हिच्या कारभाऱ्याला पाय घालून आडवे पाडावे, राजाचा जावई कॉर्नवॉल याला तोंडावर उलट उत्तरे द्यावीत आणि अखेर खोड्यात पडावे, हा सारा उद्योग लिअरच्या हिताला, खरे सांगायचे तर, अपायकारकच ठरला. शेक्सपिअरने आधाराला घेतलेल्या जुन्या नाटकातील त्याचा पूर्वज पेरिलस क्षुधार्त राजाला स्वतःचे मांस देऊ करणारा, निव्वळ सोशिक. शेक्सपिअरने त्याला जीभ दिली, हे मला अधिक मोलाचे वाटते. कॉर्डीलियाचे कलेवर घेऊन आलेल्या वृद्धापुढे केंट आपली ओळख सांगतो, तेव्हा केयस तो हाच, हा उलगडा त्या विदीर्ण बुद्धीत शिरतच नाही. केयस भला माणूस होता, पण तो मेला, असे राजा त्यालाच ऐकवतो. त्यानंतर गॉनरिलचा नवरा ऑल्बनी याने देऊ केलेला राज्यकारभार केंटने नाकारला, यात नवल ते काय?