अमली पदार्थांचा कायदा : धाक कोणाला, शिक्षा कोणाला?

चिकपेटमधील रेशमी साड्यांच्या दुकानांमागच्या गल्ल्यांत शिंपी, रंगारी, भावसार अशा समाजांची मराठी बोलणारी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून राहत आहेत. काही वर्षांपूर्वी एका रविवारी अशाच एका घरातील बाई माझ्याकडे आल्या. "अण्णा, तुम्ही सरकारात आहात, काहीतरी करा," एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. साडीच्या दुकानात काम करणाऱ्या त्यांच्या बावीस वर्षांच्या मुलाच्या खिशात गांजाची पुडी सापडली होती. मुलाला व्यसन जडले होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

जामीन लवकर मिळाला. पुढे अडीच वर्षे तारखा पडत राहिल्या. अखेर वकिलांच्या सल्ल्याने मुलाने गुन्हा कबूल केला आणि दंड भरून प्रकरण मिटवले. ते मिटले नव्हते, हे नंतर कळले. नोकरीसाठी पोलीस पडताळणी झाली की जुनी नोंद पुढे येई आणि नोकरी जाई. व्यसन मात्र तसेच राहिले.

या प्रकरणातील माझी चूकही नोंदवली पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात ६४-अ हे कलम आहे. किरकोळ प्रमाणात पदार्थ बाळगणारा व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेण्यास तयार असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. ही तरतूद त्या कुटुंबाला पोलिसांनी सांगितली नाही, वकिलांनी सांगितली नाही, आणि इतकी वर्षे सरकारी सेवेत असूनही मलाही ती वेळेवर सुचली नाही. जी तरतूद कोणी वापरत नाही, ती असून नसल्यासारखीच.

गांजाचा प्रश्न आपल्या प्रशासनाला नवा नाही. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यासाठी एक आयोग नेमला. त्याने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदवल्या. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. परवाना, कर आणि लागवडीवर नियंत्रण हाच व्यवहार्य मार्ग. बंदी घातल्यास लोक अधिक घातक पदार्थांकडे वळतील, ही शंकाही तेव्हाच व्यक्त झाली होती.

स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये आपण बंदीचे बंधन स्वीकारले आणि १९८५ मध्ये सध्याचा कायदा आला. १९८९ मध्ये तो अतिशय कठोर झाला. बारा वर्षांनी, २००१ मध्ये, किरकोळ आणि व्यापारी प्रमाण असा भेद करून शिक्षा श्रेणीबद्ध करावी लागली. गांजासाठी एक किलोपर्यंत किरकोळ आणि वीस किलोंहून अधिक ते व्यापारी. मोठा व्यापारी आणि व्यसनी पोरगा यांना एकाच काट्यावर तोलता येत नाही, हे शासनाने तेव्हा मान्य केले. तरीही निव्वळ सेवन हा आजही गुन्हाच आहे.

या कायद्यातील विसंगतीही पाहण्यासारख्या आहेत. त्याच झाडाच्या शेंड्यांना गांजा म्हणतात आणि त्यावर बंदी आहे; नुसत्या पानांची भांग मात्र कायद्याच्या व्याख्येबाहेर आहे. २०२२ मध्ये बेंगळुरूत एकोणतीस किलो भांग आणि चारशे ग्रॅम गांजासह पकडलेल्या माणसाला जामीन देताना कर्नाटक उच्च न्यायालयाला हाच मुद्दा सांगावा लागला. दुसरीकडे, गांजाहून कितीतरी घातक अशी अफू केंद्र सरकारच्या परवान्याने मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात पिकते, आणि तिच्यावर नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत प्रक्रिया होते. म्हणजे घातक पदार्थाचे नियमन शासनाला जमत नाही असे नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही थोडा विचार करू. व्यसनी माणसाची मागणी किंमत वाढल्याने फारशी घटत नाही. म्हणून पुरवठ्यावर घाव घातला की किंमत वाढते, नफा वाढतो आणि धोका पत्करणारे नवे लोक धंद्यात येतात. शिवाय तस्कराला कमी जागेत अधिक नशा मावणारा माल सोयीचा वाटतो. गांजाला वास असतो, पोती लागतात. एमडीची पुडी मुठीत मावते. हे मेफेड्रोन २०१५ मध्ये बंदीच्या यादीत आले. त्यानंतर नऊ वर्षांनी, २०२४ मध्ये, पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून पोलिसांनी त्याचा शेकडो किलोंचा साठा जप्त केला.

यावर आक्षेप येईल की शिक्षेचा धाक गेला तर व्यसन वाढेल. पंजाबातील किंवा मुंबईतील उद्ध्वस्त घरे पाहिलेल्या कोणालाही ही भीती खोटी वाटणार नाही. परंतु आजचा धाक व्यसनी माणसाला प्रथम रुग्णालयापासूनच दूर ठेवतो. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरता साठा बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले आणि अशा व्यक्तीला डॉक्टर व समाजसेवकांच्या समितीपुढे पाठवण्याची व्यवस्था केली. व्यापार तेथे आजही गुन्हाच आहे. दारूबंदीचा अनुभव तर घरचाच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील २०१५ ची बंदी महाराष्ट्र सरकारला २०२१ मध्ये उठवावी लागली, आणि त्यामागे अवैध दारूचे कारण दिले गेले.

माझ्या मते, आणि हे मत सर्वस्वी व्यक्तिगत आहे, तीन गोष्टी करता येतील. पहिली, सेवन आणि किरकोळ बाळगणे हे फौजदारी गुन्ह्यातून काढावे. दुसरी, तोपर्यंत ६४-अ कलमाची माहिती आरोपीला लेखी देणे पोलिसांवर बंधनकारक करावे. यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही, एक परिपत्रक पुरे. तिसरी, किरकोळ प्रकरणांतून वाचलेले मनुष्यबळ व्यापारी साखळीच्या तपासाकडे वळवावे.

त्या बाई अजूनही चिकपेटच्या बाजारात भेटतात. मुलाला एका ओळखीच्या दुकानात काम मिळाले आहे. तेथे पडताळणी होत नाही. "बरा आहे," असे त्या सांगतात, आणि मी पुढे काही विचारत नाही.