पानांचा मुकुट

मागील वर्षीं न्यूमोनियाच्या दुखण्यांतून उठलेल्या आमच्या मातोश्रींनीं यंदा एक बेत केला. नात एम. ए.ला पहिल्या वर्गांत आली, तेव्हां तिला एक सोन्याचा डाग आपल्या पुंजींतून करावयाचा. पुतणीनें सराफाकडील नमुन्यांतून जो पसंत केला, तो पाहून घरांतील वडील स्त्रिया बुचकळ्यांत पडल्या. ना केवडा, ना चंद्रकोर, ना राखडी; लांबट पानांच्या दोन डहाळ्या वाटोळ्या वळवून केसांत बसवावयाच्या! "ही ग्रीक लोकांची विजयमाला, काका," असा खुलासा झाला. "विजयाची माळ आपली आपणच निवडायची का?" असें मातोश्रींनीं विचारलें, आणि उत्तर शोधण्याचें काम अर्थातच आमच्याकडे आलें.

ग्रीस देशांत ऑलिम्पियाच्या खेळांत जिंकणाऱ्यास रानटी ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट मिळे, डेल्फी येथें लॉरेलचा, आणि नेमिया येथें तर अजमोद्याचा. म्हणजे स्वयंपाकघराच्या भाषेंत कोथिंबिरीच्या सोयऱ्याचा! ख्रि. पू. ४८० मध्यें इराणी फौज ग्रीसवर चालून गेली असतां, हे लोक द्रव्यासाठीं नव्हे तर पानांसाठीं झुंजतात हें ऐकून एक इराणी सरदार हबकून गेला, अशी हकीकत हिरोडोटसनें नमूद केली आहे. (घरीं परतल्यावर मात्र या वीरांस नगराकडून भोजनाचा मान व द्रव्यहि मिळे, तेव्हां निव्वळ वैराग्याची कल्पना वाचकांनीं करून घेऊं नये.)

सोन्याचीं पानें ग्रीकांनींहि घडविलीं, पण तीं बहुधा देवास वाहण्यासाठीं किंवा मृताबरोबर ठेवण्यासाठीं. १९७७ सालीं व्हर्जिना येथें मॅनोलिस अँड्रोनिकॉस यांना एका राजसमाधींत, सोन्याच्या पेटींत अस्थींबरोबर ओकच्या पानांचा मुकुट सांपडला. त्यांत ३१३ पानें आणि ६८ फळें आहेत. वजन ७०० ग्रॅमहून अधिक, म्हणजे आपले सुमारें ६० तोळे. नेपोलियननें १८०४ सालीं राज्याभिषेकास सोन्याची लॉरेलमाला घातली, ती तर त्यानें स्वतःच करविली होती. मातोश्रींचा प्रश्न त्यालाहि लागू पडला असता.

रोमन लोकांचा हिशेब आम्हांस अधिक मार्मिक वाटला. शत्रूच्या तटावर प्रथम चढणाऱ्यास सोन्याचा मुकुट मिळे. परंतु वेढ्यांत सांपडलेली सबंध फौज जो सोडवी, त्यास ती फौज गवताचा मुकुट देई, आणि तोहि त्याच भूमीवर उगवलेल्या गवताचा. प्लिनीच्या मतें याहून श्रेष्ठ मान नव्हता. ओकच्या पानांचा मुकुट लढाईंत नागरिकाचा जीव वाचविणाऱ्यास मिळे; मात्र जो वाचला त्यानें स्वतः तसें कबूल करावें लागे, आणि पुढें जन्मभर वाचविणाऱ्यास पित्याप्रमाणें मानावें लागे. असा मुकुट घालून कोणी खेळ पाहावयास आला, तर सेनेटचे सभासदहि उठून उभे राहत. (सीझरला लॉरेलमाला आवडे ती टक्कल झांकण्यासाठीं, असें स्वीटोनियस सांगतो, तें सोडून देऊं.)

हें सर्व आम्हीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर वाचून दाखविलें. लॉरेलविषयीं मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. "तो ओकचा मुकुट, जो वांचला त्यानेंच कबूल करायचें म्हणतोस?" एवढेंच त्यांनीं पुन्हां विचारून घेतलें. आमच्या धाकट्या सूनबाई तेव्हां पानें उचलीत होत्या. मातोश्रींच्या दुखण्यांत रात्रीमागून रात्री उशाशीं बसून यांनीं आपली बी. एड.ची परीक्षा बुडविली होती. घरांत त्याची वाच्यता कधीं कोणी केली नव्हती. आम्हींहि केली नव्हती.

दुसऱ्या दिवशीं मातोश्री स्वतः सराफाच्या पेढीवर गेल्या. पुतणीचा डाग ठरल्याप्रमाणेंच व्हावयाचा होता, फक्त वजनांत थोडा कमी. त्या सोन्यांत दुसरा एक लहानसा डाग, एकाच पानाचा. तें ओकचें पान कसें असतें, असें सराफानें विचारलें, तेव्हां पुतणीनेंच पेन्सिल घेऊन त्याच्या चिठ्ठीवर तें काढून दिलें.